कॅसलरॉकचा नाका आणि मुंबईचा एक विस्मृत बँड

लोंढ्याहून गोव्याकडे उतरणारी गाडी कॅसलरॉकला थांबते ती घाटाच्या तयारीसाठी. येथून कुळेपर्यंतच्या सुमारे २५ किलोमीटरांत लोहमार्ग सह्याद्रीचा कडा उतरतो. चढ दर ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र. वर येणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यावा लागतो, खाली जाणाऱ्या गाडीला आवरून धरावे लागते, आणि त्यासाठी जादा इंजिने जोडण्या-सोडण्याचा खोळंबा ठरलेला. प्रवासी तेवढ्या वेळात चहा घेतात, दूधसागर कोणत्या बाजूच्या खिडकीतून दिसेल याची चौकशी करतात. १९५५ पर्यंत या फलाटावरचा खोळंबा आणखी एका कारणाचा होता. येथे ब्रिटिश हिंदुस्थान, आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारत, संपत असे.

हा लेख रेल्वेचा नाही. मुंबईत १९७० च्या दशकात वाजलेल्या आणि पुढे विसरल्या गेलेल्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' नावाच्या एका बँडची ही हकीकत आहे. तो बँड कॅसलरॉकला कधी वाजला असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये हाती धरून पोट भरण्याचा जो व्यवसाय उभा राहिला, ज्याच्या शेवटच्या फांद्यांपैकी एक म्हणजे हा बँड, त्या व्यवसायाची माणसे मोठ्या संख्येने याच स्थानकावरून वर चढून गेली. म्हणून आरंभ येथून.

या मार्गाचा जन्म ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत डिसेंबर १८७८ मध्ये झालेल्या तहातून झाला. तहाने गोव्याच्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे दिला आणि त्याबरोबर दोन्ही प्रदेशांमधील जकातीची सीमाही उठवली. मुरगावचे बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग ही त्याच योजनेची अंगे. गोव्यातला भाग बांधण्यासाठी १८८१ मध्ये 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे' ही कंपनी निघाली, तर घाटमाथ्याकडून सदर्न मराठा रेल्वेचे रूळ येऊन मिळाले. १८८८ मध्ये मार्ग कॅसलरॉकशी जोडला गेला. पण तहाची मुदत बारा वर्षांची होती आणि १८९२ च्या जानेवारीत ती संपल्यावर तो पुन्हा झाला नाही. जकातीची सीमा नाही या हिशेबावर बांधलेल्या रेल्वेच्या नशिबी अवघ्या चार वर्षांत जकातीचा नाका आला. तेव्हापासून कॅसलरॉकला इकडची तपासणी आणि कुळ्याला तिकडची. प्रत्येक पेटी, प्रत्येक वळकटी उघडून दाखवायची. कुळ्याच्या याच स्थानकावर २९ सप्टेंबर १९४६ रोजी राम मनोहर लोहियांना गोव्यात शिरताना अटक झाली, हे वाचकांना स्मरत असेल.

या उघडलेल्या पेट्यांमध्ये व्हायोलिने, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन असत. गोव्यातील चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून ख्रिस्ती मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. शिकवणारा तो 'मेस्त'. प्रार्थनासंगीतासाठी दिलेली ही विद्या पुढे पोटापाण्याची झाली, कारण गोव्यात नोकऱ्या नव्हत्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानात लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटाच्या पडद्यासमोरचे वाद्यवृंद आणि हॉटेले होती. कोणी बोटीने मुंबईला गेले, कोणी रेल्वेने. रेल्वेने जाणाऱ्याला कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज असे करीत पुण्याला मीटरगेज सोडून मोठी गाडी धरावी लागे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी चालवलेले 'कूड' होते. तेथे पथारी मिळे आणि कामाची बातमीही.

ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ बँड आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. स्वरलेखन वाचू शकणाऱ्या गोव्याच्या मुलांनी त्यांच्याबरोबर वाजवून लिखाणाबाहेरचे संगीत आत्मसात केले. मिकी कुरैया १९३९ पासून दोन दशके ताजचा बँड चालवीत होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवीत. आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांनी त्यांना पाहिले आहे, फक्त नाव ठाऊक नाही. भगवानदादांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) पडद्यावर जो बँड दिसतो तो त्यांचाच. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. नायक-निर्माता मराठी, संगीतकार मराठी, आणि त्या संगीताला नाचरा ठेका देणारा ट्रंपेटवादक गोव्याचा.

चित्रपटसंगीतात हे लोक अपरिहार्य का झाले याचे कारण साधे आहे. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधीत आणि ती तोंडी सांगत. तीसचाळीस वादकांना ती एकाच वेळी वाजवायची तर कोणीतरी ती कागदावर उतरवून प्रत्येकाच्या वाट्याचे वेगळे लिहून काढणे भाग होते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हेच केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या रचना सिंफनीच्या घाटात बसवून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्या स्वरांसह सादर केल्या. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी.

येथे एक खंत नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोव्याच्या भूमीतून संगीताचे दोन प्रवाह मुंबईला गेले. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांच्याविषयी मराठीत भरभरून लिहिले गेले; त्यांची चरित्रे, आठवणी, घराण्यांच्या चर्चा आमच्या कपाटांत आहेत आणि त्या योग्यच आहेत. दुसऱ्या प्रवाहातील माणसांनी त्याच मुंबईत, अनेकदा त्याच ध्वनिमुद्रणशाळांत आयुष्य घालवले. मराठी चित्रपटांच्या आणि भावगीतांच्या मागे त्यांचीच व्हायोलिने वाजत होती. तरी त्यांच्याविषयीचे गंभीर लेखन बहुतेक इंग्रजीत झाले. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे त्यातले ठळक पुस्तक. सॅक्सोफोन 'त्यांचा' आणि सारंगी 'आपली' अशी एक तपासणी आमच्याही मनात चालत आली आहे, आणि ती कॅसलरॉकपेक्षा जास्त काळ टिकली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींच्या तुकड्यांपैकी काही कॅसलरॉकच्या बाजूने, रुळांवरून उतरल्या. पोर्तुगीजांनी त्या दिवशी सीमेवर गोळीबार केला; अनेक सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि रेल्वे थांबली. उत्तर कॅनरा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, गाड्या पुन्हा सुरू झाल्या, नाका मात्र परत आला नाही. कॅसलरॉकला उरले ते घाटाचे काम आणि खनिजाच्या गाड्या.

मधल्या काळात मुंबईतला बँड या शब्दाचा अर्थ बदलत चालला होता. चर्चगेट स्ट्रीटवरील गेलॉर्ड, व्होल्गा, बॉम्बेली, अ‍ॅम्बॅसेडर, अ‍ॅस्टोरिया या ठिकाणी संध्याकाळी जिवंत वाद्यवृंद असत. अ‍ॅस्टोरियातील 'व्हेनिस'मध्ये मडगावचे क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांचे कार्यक्रम होत. आजही गोव्यात त्यांची कोंकणी गाणी लग्नाला लावल्याशिवाय लोक नाचत नाहीत. परंतु १९६४ नंतर, बीटल्सच्या तबकड्या येऊ लागल्यावर, महाविद्यालयीन मुलांना कोट-टाय घातलेला बारा माणसांचा बँड नको झाला. त्यांना चारपाच जणांचा, गिटारींचा, विजेवर चालणारा बँड हवा होता. ही मुले मेस्ताकडे शिकलेली नव्हती. पारशी, बंगाली, तमिळ, मल्याळी, सिंधी, मराठी अशा सर्व घरांतली होती आणि तबकडी पुनःपुन्हा लावून, रेडिओ सिलोन कान देऊन ऐकून, कानाने शिकत होती. गंमत अशी की शिकण्याची ही रीत आपल्या गुरुमुखी परंपरेला स्वरलेखनाच्या शाळेपेक्षा जवळची. फक्त गुरू तेवढा काळ्या तबकडीत बसलेला.

या मुलांना व्यासपीठ दिले ते सिगारेटच्या कंपनीने. इम्पीरियल टोबॅकोने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची अखिल भारतीय बँडस्पर्धा चालवली, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धकांच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्यावरचा संगीतमेळा भरला. कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी लांब केसांची हजारो मुले जमलेली पाहून परिसरातील ग्रामस्थांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी.

'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा या काळातला. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तो मुंबईत उभा राहिला. बासगिटारवर कीथ कांगा, गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रमवर व्हॅलेंटाइन लोबो. गायक म्हणून मधुकर दास, आणि काही काळ नंदू भेंडे. माणसे येत-जात राहिली. त्या काळच्या बहुतेक बँडांचे असेच होते, कारण कोणाची परीक्षा येई, कोणाला परदेशी शिक्षणाचा योग येई, कोणाचे वडील हात टेकत. कांगा मात्र बँडच्या केंद्रस्थानी होते.

नंदू भेंडे यांच्याविषयी वेगळे सांगायला हवे, कारण त्यांच्या नावामुळे हा विषय मराठी वाचकाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. ते आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे या जोडीच्या 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' या फार्सांनी एका पिढीला हसवले आहे. आशाबाई लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक आणि रंगभूमीवरील अभिनेत्री. पूर्वाश्रमीच्या लिली एझिकेल, म्हणजे बेने इस्रायली कुटुंबातल्या. अशा घरातला मुलगा 'वेल्व्हेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' आणि मग 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडांतून इंग्रजी गाणी गात होता. १९७२ च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा त्यांनी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्या डिस्कोथेकमध्ये एका रात्री वाजवले-गायले. नंदू त्या रात्रीच्या साक्षीदारांपैकी एक होते.

बँडच्या संगीताला फंक म्हणतात, त्याविषयी थोडे. फंक ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची नृत्यसंगीताची रीत; जेम्स ब्राउन या गायकाने ती १९६५ च्या सुमारास घडवली. रॉक संगीतात चार मात्रांच्या आवर्तनात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ब्राउनने आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर यायला लावले. सर्वांनी पहिलीवर उतरायचे, आणि पुढच्या मात्रांमध्ये ज्याने त्याने आपापली बारीक तुटक नक्षी काढायची. गिटारनेही, ट्रंपेटनेही, प्रत्येकाने जणू तालवाद्यच वाजवायचे. मराठी कानाला हे समजावून द्यावे लागू नये. आपण याला सम म्हणतो. ढोलकीवाला मधल्या सगळ्या खोड्या करून समेवर ज्या तोऱ्याने येतो, त्यात आणि फंकच्या बासगिटारीत नाते आहे असे आम्हांला ऐकताना वारंवार वाटले. शास्त्रकार हे मान्य करतील की नाही हा भाग निराळा. फंकमध्ये बासगिटार हे मिरवणारे वाद्य असते. जड आवाजाचा हा गडी इतर संगीतांत मागे उभा असतो, येथे तो पुढे येऊन गाडा ओढतो. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चा चालक बासवादक होता, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे.

अर्थात शुद्ध फंक असे हे संगीत नव्हतेच. हेंड्रिक्स आणि डीप पर्पल यांचे रॉक, त्यात हा ठेका, गिटारीचे घोगरे, ताणलेले, 'वा-वा' करणारे स्वर. हॉटेलात आलेल्या माणसाला ओळखीचे गाणे हवे असते. तेव्हा दुसऱ्यांची गाणी वाजवावी लागत, आणि स्वतःचे काही त्यांच्या आडून सांगावे लागे. हे दुखणे त्या काळच्या साऱ्याच बँडांचे होते. साधनांची अडचण त्याहून मोठी. परदेशी गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, ड्रम यांच्या आयातीवर कडक निर्बंध आणि जबर जकात. परकीय चलनाचा १९७३ चा कायदा आल्यावर तर बोलायलाच नको. गिटार एखाद्या नातलगाने परदेशातून आणलेली असे किंवा एखाद्या परतणाऱ्या प्रवाशाकडून विकत घेतलेली. अ‍ॅम्प्लिफायर स्थानिक कारागिराकडून नमुना पाहून बनवून घेतलेला. कॅसलरॉकला पेटी उघडून दाखवून ट्रंपेट पुढे नेणाऱ्या वादकाला जकातवाल्याशी जेवढे झगडावे लागले असेल, त्याहून जास्त या मुलांना लागले, आणि तेही सीमा ओलांडल्याशिवाय.

१९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक-संगीतनाट्य मुंबईत उभे केले. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'शी नाते असलेले दोघेही गायक त्यात प्रमुख भूमिकांत होते: मधुकर दास येशू, नंदू भेंडे ज्यूडास. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर हा प्रयोग गाजला. बँडच्या मुलांना हॉटेलाबाहेरचा, खुर्चीवर बसून ऐकणारा प्रेक्षक त्यातून मिळाला. मराठी रंगभूमीवर त्याच सुमारास 'घाशीराम कोतवाल' (१९७२) नव्या संगीतनाट्याची वाट शोधत होते. एकाच शहराच्या आसपास, दोनतीन वर्षांच्या अंतराने, दोन्हीकडे नाटक गाण्याकडे वळत होते, आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांना एकमेकांची खबर जेमतेम होती.

बँडची एकुलती एक ध्वनिमुद्रिका 'ऑब्सेशन ७७'. मुंबईत शेकड्यांनी बँड वाजून गेले. स्वतःची पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका मागे ठेवण्याचे भाग्य फारच थोड्यांना लाभले, कारण तबकड्यांच्या कंपन्यांचे उत्पन्न चित्रपटगीतांवर होते. इंग्रजी बँडची तबकडी काढणे म्हणजे हौस. तिच्यातील शीर्षकरचना दोन रूपांत आहे, एक द्रुत आणि एक संथ. आपल्या बैठकीत आधी विलंबित आणि मग द्रुत. येथे तीच कल्पना दोन वेगळ्या रचनांसारखी उभी राहते. द्रुत रूपात नाच आहे. संथ रूप ऐकताना मात्र वाटते की हे वाजवणाऱ्यांना आपला प्रेक्षक पांगत चालल्याचे कळून चुकले असावे. हे आमचे ऐकणे. वाजवणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेलही. आणि खरी उपरोधाची गोष्ट पुढेच आहे: तबकडी बाजारात येईपर्यंत बँड मोडला होता. नावातला ७७ चा आकडा जुना झाला होता. विकायला, वाजवून दाखवायला, रस्त्यावर हिंडून सांगायला कोणी उरले नव्हते.

(त्याच १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि चक बेरीचे रॉक अँड रोलही. एका तबकडीवर दोघे. निवड करणाऱ्यांना त्यात काही विचित्र वाटले नाही.)

बँड का मोडला, याचे कारण त्याच्या माणसांत शोधण्यापेक्षा शहरात शोधावे. सत्तरीच्या उत्तरार्धात मुंबईच्या हॉटेलांत जिवंत संगीत परवडेनासे झाले. पाच वादकांना रोज पैसे देण्यापेक्षा एक ध्वनिवर्धक आणि तबकड्या लावणारा एक मुलगा स्वस्त पडतो. डिस्को नावाची लाट नेमकी हेच घेऊन आली. नाचणाऱ्याला समेशी मतलब, ती वाजवणारा समोर आहे की नाही याच्याशी नाही. पुढे सिंथेसायझर आला आणि चित्रपटसंगीतातील गोव्याच्या व्हायोलिनवादकांवरही तीच वेळ आली. फंकचा ठेका मात्र मुंबईतून गेला नाही. तो ध्वनिमुद्रणशाळांत शिरला. कल्याणजी-आनंदजींच्या 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतील गाण्यांचे तुकडे २००५ मध्ये 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन गटाने आपल्या गाण्यात वापरले आणि त्यासाठी त्या गटाला ग्रॅमी मिळाले. चित्रपटाच्या छत्राखाली गेलेले फंक असे जगभर फिरून आले. छत्राबाहेर राहिलेले कपाटात धूळ खात पडले.

आणि तरी नाका एकदा ओलांडला गेला होता. १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या 'थ्री पेनी ऑपेरा'चा हा मराठी अवतार. त्यात नायकाच्या, म्हणजे मूळच्या गुंड मॅकहीथच्या, भूमिकेत होते नंदू भेंडे. सोबत माधुरी पुरंदरे. एकाच नाटकात तमाशाचा बाज, नाट्यसंगीताची नक्कल, कव्वाली आणि नंदूंच्या गळ्यातले रॉक. 'स्लिप डिस्क'मध्ये कमावलेला आवाज मराठी शब्द उच्चारू लागला, तेव्हा काही रसिकांनी नाक मुरडले आणि तरुणांनी टाळ्या घेतल्या असे त्या प्रयोगांना गेलेल्यांकडून आम्ही ऐकले आहे. आमच्या मते त्या नाटकाचे हे अंग आजवर कमी लेखले गेले. समीक्षकांनी ब्रेख्तविषयी लिहिले, पुलंच्या शब्दकळेविषयी लिहिले; नायक ज्या आवाजात गात होता तो कोठून आला, या प्रश्नाकडे कोणी वळले नाही. तो 'वेल्व्हेट फॉग'मधून, 'सुपरस्टार'मधून आणि 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'मधून आला होता. पुलंसारख्या पेटीवर रमणाऱ्या माणसाच्या नाटकात तो सुखाने नांदला, ही गोष्ट पुलंच्याही मोठेपणाची.

पुढे नंदू भेंडे संगीतकार म्हणून, दूरचित्रवाणी मालिकांच्या संगीतात आणि स्वतःच्या ध्वनिमुद्रणशाळेत रमले. 'डिस्को डान्सर'मध्ये (१९८२) त्यांनी एक गाणे गायले. ज्या डिस्कोने जिवंत बँड संपवले त्याच लाटेतले ते गाणे, पण कलावंताला असा हिशेब करून चालत नाही. ११ एप्रिल २०१४ ला ते गेले. आत्मारामपंत त्यानंतर दहा महिन्यांनी, २०१५ च्या फेब्रुवारीत. 'सुपरस्टार'चे पदमसी २०१८ मध्ये गेले.

बँडच्या तबकडीचे पुढे जे झाले ते चमत्कारिक आहे. जगभर जुन्या दुर्मिळ तबकड्या हुडकणारा एक वर्ग असतो. त्यांच्या हाती 'ऑब्सेशन ७७'च्या शिल्लक प्रती लागल्या, किंमत चढू लागली, आणि २०११ मध्ये 'नाउ-अगेन' या कॅलिफोर्नियातील कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली. ज्या देशाच्या संगीताची ही मुले नक्कल करतात म्हणून त्यांना हिणवले जाई, त्याच देशातल्या श्रोत्यांना त्यांच्यात काहीतरी अस्सल सापडले. सिद्धार्थ भाटिया यांच्या 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) या पुस्तकाने त्या पिढीची हकीकत एकत्र केली. तेही इंग्रजीत.

फंकच्या या एका बँडसाठी मराठी त्रैमासिकाची इतकी पाने का, असा प्रश्न आमच्या संपादकमंडळातील एका ज्येष्ठांनी केला. आमचे उत्तर असे की ही माणसे आमच्या शहरात, आमच्या नाटकांत, आमच्या गाण्यांच्या मागे होती. नंदू भेंडे तर आमच्याच घरातले. त्यांची वाद्ये परकी म्हणून त्यांचा इतिहास परका ठरत नाही. पेटीही एके काळी परकीच होती, आणि तिला आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे बाहेर ठेवले होते, हे येथे आठवून पाहावे.

कॅसलरॉक, लोंढा, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातील अनेक घरांत रेल्वेचे, जकातीचे आणि बँडचे जुने कागद आजही असण्याचा संभव आहे: सामानतपासणीच्या पावत्या, रेल्वे इन्स्टिट्यूटमधील नाचाच्या कार्यक्रमांची पत्रके, ट्रंपेट हाती घेतलेल्या एखाद्या आजोबांचे छायाचित्र, 'तीन पैशाचा तमाशा'च्या प्रयोगाची घरी मुद्रित केलेली ध्वनिफीत. ज्यांच्याजवळ असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाकडे पाहण्यासाठी द्यावे. प्रत काढून मूळ कागद परत केला जाईल.